तिसऱ्या यादीची सुनावणी

कार्थेज, मिझुरी
१६ जुलै २०२४

हार्लन,

पाकिटावर मी मुद्दामच माझं नाव घातलं नाही. मागची दोन्ही पत्रं तू न फोडता परत पाठवलीस. आता हे फोडलंच आहेस तर निदान पुढचं वाक्य वाच. तू सरकारला जे लिहिलंस ते मी वाचलं, आणि मला त्याचा राग आलेला नाही.

ते सापडलं कसं, सांगते. गांजा अंमली पदार्थांच्या पहिल्या, सगळ्यात कडक यादीतून काढून तिसऱ्या यादीत टाकायचा विचार आहे, कुणाच्या काही हरकती-सूचना असतील तर कळवा, असं वॉशिंग्टनने मे महिन्यात जाहीर केलं. तेव्हापासून माझ्या लॉइडच्या पलटणीतला मार्व्हिन सगळ्यांच्या मागे लागला होता, लिहा म्हणून. लॉइडने तोंडी सांगितलं, मी टाइप केलं. आमचं लिहिलेलं लोकांना दिसतं का हे बघायला मी त्या संकेतस्थळावर गेले. हजारो माणसांनी लिहिलंय आणि कोणीही कुणाचंही वाचू शकतं. आधी आमच्या गावाचं नाव टाकून पाहिलं. मग, का कोण जाणे, तुमचं गिरार्ड, कॅन्सस टाकलं. तुझं नाव वर आलं.

लॉइड खुर्चीत डोळे मिटून पडला होता.

"कुणाचं गं?"

"हार्लनचं."

"मोठ्याने वाच."

"नको."

"वाच म्हणतो ना. त्याचं बोलणं कानावर पडून तीन वर्षं झाली. तुझ्या तोंडून तर तुझ्या तोंडून."

मग वाचलं. कोल्बी बावीस वर्षांचा होता, शाळेच्या कुस्तीच्या संघात होता, मग कॉलेजात गांजा ओढायला लागला आणि दोन वर्षांत त्याला सगळी दुनिया वैरी वाटायला लागली, हे तू लिहिलंयस. फेब्रुवारीतल्या त्या कडाक्याच्या थंडीत तो कोट न घालता घराबाहेर पडला आणि दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी सापडला, हेही. 'ज्याने माझ्या मुलाचं डोकं फिरवलं, ते तुम्ही आता गुडघेदुखीच्या गोळ्यांच्या शेजारी मांडणार आहात,' हे वाक्य वाचताना मी थांबले. त्यापुढचं वाक्य आमच्याबद्दल होतं. 'माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात हे जेवणाच्या टेबलावर असतं.'

लॉइडने डोळे उघडले. मग म्हणाला, "बरोबर लिहिलंय त्याने. माझं पोर गेलं असतं तर मीही हेच लिहिलं असतं. फक्त ते टेबल तेवढं वगळलं असतं."

हार्लन, टेबलावर नसतं. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, मिठाच्या बरणीमागे असतं. गांजाच्या तेलाची बाटली आणि त्याचा तो पाइप. हाडांत कर्करोग पसरलेला माणूस रात्री दोन तास झोपावा म्हणून ते आहे. ते तुला पटावं असं मी म्हणत नाही.

कोल्बीच्या अंत्यविधीचं मात्र म्हणते, कारण ते मला कधी बोलू दिलं नाहीस. चर्चच्या बाकावर लॉइडला बसवत नव्हतं. म्हणून तो गाडीत जाऊन दोन झुरके मारून आला. तू दारातच त्याला अडवलंस. "माझ्या पोराच्या पेटीपाशी हा वास घेऊन येतोस?" सगळ्यांनी ऐकलं. लॉइड एक शब्द न बोलता वळला आणि मी त्याच्या मागे गेले. तुला वाटलं, मी बाजू निवडली. अरे, त्या अवस्थेत त्याला गाडी चालवता येत नव्हती.

जॅनिसवहिनीला आठवण सांग.

रोवीना

&nbsp;

कार्थेज
२२ सप्टेंबर २०२४

हार्लन,

पत्र परत आलं नाही. म्हणजे तू ते ठेवलंस किंवा फाडलंस. मी ठेवलंस असं धरून चालते.

इकडे सगळं ठीक आहे. लॉइडचा पलंग आम्ही पुढच्या खोलीत आणलाय, तिथून रस्ता दिसतो. तो थोडा उतरलाय. मी दुकान आठवड्यातून दोनच दिवस उघडते. बायका कुरकुर न करता थांबतात, आणि काही तर मी त्यांचे केस कापावेत म्हणून नव्हे, मी घराबाहेर पडावं म्हणून येतात, हे मला कळतं.

तुला लिहायचं कारण वेगळं आहे. सरकारने आता सुनावणी लावली आहे. नुसत्या हरकतींवर भागणार नाही, दोन्ही बाजूंचे साक्षीदार बोलावून, उलटतपासणी करून, मग ठरवायचं म्हणे. वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टनला अंमली पदार्थ खात्याच्या इमारतीत. खात्याचेच न्यायाधीश ऐकणार आणि आपलं मत लिहून खात्याच्या प्रमुखाला देणार. शेवटचा शब्द प्रमुखाचा. मार्व्हिनच्या माजी सैनिकांच्या संघटनेने लॉइडचं नाव साक्षीदार म्हणून दिलंय. तो नाही जाऊ शकला तर माझं.

गेल्या आठवड्यात सैनिकांच्या दवाखान्यात गेलो होतो. डॉ. ओकाफोर म्हणून बाई आहेत, लॉइडला त्यांचा फार लळा. त्याने सरळ विचारलं, "डॉक्टर, मी किती घ्यायचं ते तुम्ही का लिहून देत नाही? मॉर्फिन कसं झटक्यात लिहून देता."

"मॉर्फिन दुसऱ्या यादीत आहे," त्या म्हणाल्या. "हे पहिल्या यादीत आहे. हेरॉइनच्या रांगेत. केंद्र सरकारच्या लेखी त्याचा औषध म्हणून काहीच उपयोग नाही. आणि मी केंद्र सरकारची नोकर आहे."

"आणि तुमच्या लेखी?"

"माझ्या लेखी तुम्ही मॉर्फिन निम्मं केलंत आणि बायकोशी बोलायला लागलात. ते मी केसपेपरवर लिहिलंय. त्यापुढे मला काही लिहिता येत नाही."

"आणि तिसऱ्या यादीत गेलं तर लिहाल?"

बाईंनी खोटं सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "लगेच नाही. तुम्ही राज्याच्या परवान्याच्या दुकानातून आणता ते औषध म्हणून मंजूर झालेलं नाही, यादी बदलली तरी केंद्राच्या लेखी ते बेकायदाच राहील. पण त्यावर अभ्यास करणं सोपं होईल. तुमच्यानंतरच्या कुणासाठी तरी लिहिता येईल."

परतताना मी गाडी चालवत होते. तो म्हणाला, "चेहरा पाडू नकोस. मला त्या सुनावणीत नेऊन उभं कर. उभं नाही राहता आलं तर भिंतीला टेकवून ठेव."

तू काळजी करशील म्हणून सांगून ठेवते. तिथे आम्ही लॉइडच्या दुखण्याबद्दल बोलू. कोल्बीबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. तो आमच्याकडे राहिला होता त्या उन्हाळ्याबद्दल तर नाहीच.

रोवीना

&nbsp;

कार्थेज
९ नोव्हेंबर २०२४

हार्लन,

लॉइड गेला हे तुला ठाऊक आहे. तरी मी लिहितेय, कारण कसा गेला ते तुला कुणी सांगितलं नसेल.

सकाळची वेळ होती. मी त्याला लापशी भरवत होते. त्याने दोन चमचे खाल्ले, तिसऱ्याला मान फिरवली आणि म्हणाला, "त्यांना सांग, मी झोपलो होतो." मला वाटलं, दवाखान्यातून फोन येणार होता, त्यांना सांगायचंय. संध्याकाळपर्यंत तो बोलला नाही, आणि मग श्वासही नाही. दोन दिवसांनी मला कळलं, तो सुनावणीतल्या लोकांबद्दल बोलत होता. 'मी रात्री झोपू शकत होतो', एवढंच त्याला त्यांना सांगायचं होतं.

तुझी जॅनिस आली. मागच्या बाकावर बसली, टोपीसुद्धा काढली नाही. नंतर चर्चच्या तळघरात बायकांनी जेवण मांडलं तेव्हा ती माझ्याजवळ आली. हातात हिरव्या शेंगांची भाजी, तुमच्या त्या निळ्या भांड्यात. मी म्हटलं, "एकटी आलीस एवढ्या लांब?"

ती इकडेतिकडे बघत म्हणाली, "एकटी नाही. तो ट्रकमध्ये आहे."

"कुठे?"

"बाहेर. धान्याच्या कोठाराच्या पलीकडे लावलाय. म्हणाला, मी आत येणार नाही, पण तू एकटीने गाडी चालवू नकोस."

मी तशीच बाहेर आले. तुझा पांढरा ट्रक दिसला. काचेवर ऊन पडलं होतं, त्यामुळे तुझा चेहरा दिसला नाही. मी अर्ध्या वाटेपर्यंत आले होते, तू पाहिलं असशील. मग उभी राहिले. माझ्या अंगावर लॉइडच्या खोलीचा वास होता, हार्लन. मला वाटलं, तू काच खाली करशील आणि पुन्हा तेच म्हणशील, आणि त्या दिवशी ते मला सोसलं नसतं. म्हणून परत फिरले.

तू काच खाली केली असतीस का? हे उत्तराची अपेक्षा न ठेवता विचारतेय.

आता त्याच्या जागी साक्षीला मी जाणार.

रोवीना

&nbsp;

कार्थेज
१५ डिसेंबर २०२४

हार्लन,

हे पत्र मी चार वेळा सुरू केलं. आता जे येईल ते येईल.

या महिन्याच्या सुरुवातीला सुनावणीची पहिली बैठक झाली. साक्षी नव्हत्या, नुसते वकील. कोण किती बोलणार, कागद कधी द्यायचे, यातच दिवस गेला. खऱ्या साक्षी जानेवारीच्या एकवीसपासून. आमच्या बाजूच्या वकील मिस काल्होन यांनी परवा कॉम्प्युटरवर माझी गाठ घेतली. फार हुशार बाई, बोलता बोलता पेन्सिल चावतात. म्हणाल्या, "दुसऱ्या बाजूच्या साक्षीदारांची नावं आली आहेत. पालकांच्या गटाकडून गिरार्डचे एक हार्लन टीटर आहेत. तुमचं माहेरचं आडनाव टीटरच ना?"

"माझा भाऊ."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "सख्खा?"

"एकच आहे."

तू माझ्यासमोर बसणार हे मला अशा तऱ्हेने कळलं. तुलाही माझं नाव तसंच कळलं असेल.

मग त्या म्हणाल्या, "तुमच्या भावाची साक्ष भारी पडेल. मुलगा चांगला होता, गांजा ओढला, वेड लागलं, मेला. सरळ रेषा आहे. न्यायाधीशही माणूसच असतो. मला एवढंच विचारायचंय, ती रेषा खरंच इतकी सरळ आहे का? घरात आधी कुणाला असा आजार होता? मुलाची काही लक्षणं आधी दिसली होती?"

मी म्हटलं, "मी माझ्या नवऱ्याबद्दल बोलायला येतेय."

"कळलं. पण तुम्ही शपथ घेऊन बसलात की समोरचा वकील विचारू शकतो, न्यायाधीश विचारू शकतात. तुम्ही सख्खी आत्या आहात, विचारणारच. मग काय सांगाल?"

"तुम्ही विचारणार असाल तर मी येत नाही."

"मी विचारणार नाही, हा शब्द देते. बाकीच्यांचा शब्द मी कसा देऊ?"

म्हणून तुला लिहितेय. कुणी विचारलं तर मी काय सांगेन, ते तुला आधी माझ्याकडून कळलं पाहिजे. भरल्या खोलीत, माइकवरून नाही.

मी इनेस मावशीबद्दल सांगेन. आईच्या त्या बहिणीला ऐन विशीत सरकारी वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं होतं आणि ती तिथेच म्हातारी झाली. तिने जन्मात सिगारेटसुद्धा ओढली नव्हती. आपण नाताळला तिला भेटायला जायचो आणि तू आईच्या मागे लपायचास.

आणि मी त्या उन्हाळ्याबद्दल सांगेन. कोल्बी पंधरा वर्षांचा होता, जूनमध्ये आमच्याकडे राहायला आला होता. एके दिवशी मी दुकानातून आले तर तो लॉइडच्या बंद ट्रकमध्ये, काचा लावून, घामाने भिजून बसला होता. मी दार उघडलं. म्हणाला, "आत्या, रेडिओ बंद आहे ना?" मी म्हटलं, "किल्लीच नाहीये रे, चालू कसा असेल?" तो म्हणाला, "मग माझं नाव कोण घेतंय?"

मी तुला त्याच दिवशी फोन केला. तू म्हणालास, "पंधरा वर्षांचं पोर आहे, रो. त्याला कुणीतरी आपल्याकडे बघावं असं वाटतंय." मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. तू म्हणालास, "इनेस मावशी करू नकोस त्याला." मी पुन्हा ऑगस्टमध्ये केला. तू फोन ठेवलास.

तेव्हा त्याने गांजाला हात लावला होता का? मला नाही वाटत. पण शपथेवर मी 'नाही' म्हणू शकत नाही, आणि म्हणणारही नाही. पुढे तो जे ओढत होता त्याने त्याचं आणखी बिघडलं नाही, असंही मी म्हणणार नाही. कारण ते मला माहीत नाही. डॉक्टरांनाही माहीत नाही. डॉ. ओकाफोरना मी विचारलं. त्या म्हणाल्या, अशा मुलांनी गांजाच्या वाऱ्यालाही उभं राहू नये, एवढं कळतं. आजाराचं किती आणि गांजाचं किती, ते मोजता येत नाही.

म्हणजे बघ, तू म्हणतोस तेही त्यात आहे.

न जाणं मला जमणार नाही. लॉइडला मी शब्द दिलाय. तू माझ्यावर चिडशील, कदाचित कायमचा. पण तुझ्या पाठीमागे मी काही करत नाहीये.

तुझी रो

&nbsp;

कार्थेज
१६ जानेवारी २०२५

हार्लन,

तुलाही फोन आला असेलच. सुनावणी रद्द. म्हणजे रद्द नाही, 'पुढे ढकलली', पण पुढे म्हणजे केव्हा ते कुणालाच सांगता येत नाही. आमच्याच बाजूच्या काहींनी म्हणे तक्रार केली होती की खातं स्वतःच पक्षपाती आहे, यादी बदलायला विरोध करणाऱ्यांना आतून सामील आहे. न्यायाधीशांनी ती मानली नाही, पण वर अपील करायला परवानगी दिली. आता अपिलाचा निकाल लागेपर्यंत सगळं जागच्या जागी. आणि अपील ऐकणार कोण, तर त्याच खात्याचा प्रमुख. मार्व्हिन फोनवर इतका शिव्या देत होता की त्याची बायको मागून ओरडली.

मिस काल्होन म्हणाल्या, "मला फार वाईट वाटतंय, मिसेस बोमन. असं पन्नास वर्षं चाललंय." त्या माझी समजूत काढत होत्या, पण मला वाटलं, त्यांचीच कुणी काढायला हवी.

माझी बॅग भरलेली होती. नेव्ही ब्लू ड्रेस, लॉइडने सांगितलेलं चार पानी निवेदन, आणि त्याचा सैन्यातला एक फोटो, तो दाखवू देतील की नाही ठाऊक नव्हतं. आज सगळं परत कपाटात ठेवलं.

तुझं उत्तर आलं नाही. तूही तिकडे बॅग उपसत असशील, असं उगाचच मनात येतंय.

रो

&nbsp;

कार्थेज
२६ जानेवारी २०२५

जॅनिस,

तुझा फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं, नीट बोलता आलं नाही. तू विचारलंस, मंगळवारी हार्लन तुमच्याकडे आला होता का, आणि आला असेल तर काय झालं, कारण तो घरी काहीच सांगत नाही. फोनवर सांगण्यासारखं ते नाही. म्हणून लिहिते. तो बाहेर गेलेला असताना वाच, किंवा त्याच्यासमोर वाच, तुझं तू ठरव.

मंगळवार म्हणजे एकवीस तारीख. त्या दिवशी आम्ही दोघं आर्लिंग्टनला असणार होतो. थंडी अशी होती की नळाचं पाणी मी थेंब थेंब चालू ठेवलं होतं, गोठू नये म्हणून. जेवणाच्या सुमारास ट्रकचा आवाज आला. मी खिडकीतून पाहिलं. तो बराच वेळ उतरला नाही. मी या वेळी वाट पाहिली नाही, दार उघडून उंबऱ्यात उभी राहिले. स्वेटरसुद्धा न घालता. तेव्हा उतरला.

"आत ये, नाहीतर मी गोठून मरेन," मी म्हटलं.

तो आत आला. अंगावर अंत्यविधीचा काळा सूट, जॅनिस. तू विचारलंस ना, त्याने सूट का घातला होता? मीही विचारलं. म्हणाला, "आज साक्षीचा दिवस होता."

कॉफी दिली. ती त्याने घेतली नाही. भिंतीकडे बघत म्हणाला, "तुझं ते डिसेंबरचं पत्र मी आमच्या वकिलाला दाखवलं."

मी हातातला कप खाली ठेवला. "का?"

"त्याला म्हटलं, माझी बहीण हे सांगणार असेल तर तिच्याआधी मी सांगतो. माझ्या तोंडाने. पोराची आत्या दोनदा फोन करत होती आणि मी ऐकलं नाही. तो म्हणाला, साहेब, याची काही गरज नाही, याने आपली बाजू पडते. मी म्हटलं, बाजू तुझी असेल. मुलगा माझा होता." मग म्हणाला, "तो मला साक्षीदारांतून काढणारच होता. त्याआधी सुनावणीच गेली."

मी त्याची गार कॉफी बदलून दिली.

तो म्हणाला, "रो, मी महिनाभर ते पाठ केलंय. ट्रकमध्ये, कोठारात, अंघोळीला गेलो की तिथे. आता त्याचं मी काय करू?"

"मला सांग," मी म्हटलं.

त्याने खुर्ची मागे सारली आणि उभा राहिला. "तिथे उभं राहायचं असतं की बसून?"

"बसून, मला वाटतं. शपथ घेताना उभं."

"मग मी उभाच राहतो."

माझ्या स्वयंपाकघरात, फ्रिजसमोर, त्याने उजवा हात वर केला. आणि बोलला. कोल्बीचा जन्म झाला तेव्हा तू किती तास कळा सोसल्यास, तिथून सुरुवात केली. हार्लन शाळेत सुतारकाम शिकवायचा, पण कोल्बी ते शिकायला कसा तयार नव्हता, बापाच्या वर्गात बसायची त्याला लाज वाटायची, ते. मग गांजा. त्याबद्दल तो एक शब्दही मागे गेला नाही. अजूनही तो पहिल्या यादीतच राहावा असं त्याचं म्हणणं आहे, आणि ते माझ्या तोंडावर सांगितलं. मग म्हणाला, "पण माझ्या मुलाला त्याच्याआधीपासून आवाज ऐकू येत होते. माझ्या बहिणीने मला सांगितलं. मी तिला गप्प केलं, कारण लहानपणी मी माझ्या मावशीला घाबरायचो आणि मला माझ्या मुलाला घाबरायचं नव्हतं." तिथे त्याला पुढचं आठवेना. पाठ केलेलं सगळं गेलं. तो हात वर धरून तसाच उभा.

मी म्हटलं, "एवढं पुरे आहे."

"तुझं वाच आता," तो म्हणाला. "लॉइडचं."

मी वाचलं. चारही पानं. हार्लनने मध्ये एकदाच तोंड उघडलं. लॉइडने लिहिलं होतं की गांजाने दुखणं जात नाही, ते फक्त दुसऱ्या खोलीत जाऊन बसतं. तेव्हा तो म्हणाला, "हे त्याचं वाक्य आहे की तुझं?" मी म्हटलं, "त्याचं." त्याने मान हलवली. वाचून झालं तेव्हा म्हणाला, "ऐकलं मी." पटलं असं नाही म्हणाला. मी वाटही पाहत नव्हते. चर्चच्या दारात तो लॉइडला जे बोलला, त्याबद्दलही काही म्हणाला नाही. पण निघेपर्यंत त्याच्या रिकाम्या पलंगाकडे दोनदा जाऊन आला.

मग आम्ही सूप प्यालो. आणि त्याने मला जे विचारलं, ते तुला सांगायलाच हवं. म्हणाला, "तुमच्याकडे होता तेव्हा एखादा दिवस तरी तो मजेत होता का गं? सगळा उन्हाळा तसाच गेला नसेल ना?"

तसा नव्हता गेला, जॅनिस. जुलैत जत्रा होती. डुकरांना हाक मारायची स्पर्धा असते ना, तिच्यात सगळे म्हातारे शेतकरी, आणि त्यांच्यात कोल्बीने नाव दिलं. आम्हाला न सांगता! मंचावर चढला, तो काटकुळा, केस डोळ्यांवर आलेला, आणि त्याने अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या गोठ्यातली खरी डुकरं उठून ओरडायला लागली. लोक हसून हसून लोळले. त्याला दुसरा नंबर मिळाला आणि घरी येईपर्यंत तो हसत होता. लॉइड तर गाडी बाजूला घेऊन हसला.

हार्लनला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मला वाटायचं, कोल्बीने सांगितलं असेल.

"कसा ओरडला?" त्याने विचारलं.

"मला नाही येत."

"कसा ओरडला ते दाखव, रो."

मग मी ओरडून दाखवलं. सदुसष्ट वर्षांची बाई, एकटीच्या स्वयंपाकघरात. तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "असं नाही. हे गळ्यातून आलं. पोटातून काढावं लागतं, मीच शिकवलं होतं त्याला, तो सात वर्षांचा असताना." आणि सूटचं बटण सोडून, डोकं मागे टाकून त्याने हाक मारली. एकदा. मग पुन्हा. तिसऱ्यांदा मारली तेव्हा ती डुकरांना मारलेली हाक उरली नव्हती. तो कोल्बीला बोलवत होता. मी उठले आणि त्याला धरलं.

घरी आला तेव्हा त्याचा आवाज बसलेला असेल. त्याला थंडी बाधली नव्हती.

तुझी,
रोवीना